बंदोबस्ताचे वर्ष : मुंबई पोलीस दल आणि २०२०

क्रॉफर्ड मार्केटसमोरच्या दगडी इमारतीत मुंबईच्या पोलीस आयुक्तांचे कार्यालय आले ते १८९६ मध्ये. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला आणि पाहता पाहता शहर रिकामे होऊ लागले. म्हणजे या वास्तूतल्या कारभाराची सुरुवातच साथीच्या सावटाखाली झाली. पुढे दंगली, संप, महायुद्धे, स्वातंत्र्याची चळवळ, बॉम्बस्फोट, महापूर आणि २६ नोव्हेंबर २००८ चा हल्ला, हे सगळे या दलाने पाहिले. १४ डिसेंबर १८६४ पासून, म्हणजे सर फ्रँक साउटर पहिले आयुक्त झाले तेव्हापासून मोजले, तर दलाच्या इतिहासात कठीण वर्षांची वाण नाही. तरीही कोरोनाच्या साथीचे २०२० हे वर्ष वेगळे लिहून ठेवले पाहिजे. त्या वर्षी दलासमोर गुन्हेगार नव्हता, जमाव नव्हता, शत्रूही नव्हता. ज्याला अडवायचे तोच वाचवायचाही होता, आणि अडवणाऱ्याच्या स्वतःच्या घरीही तेच संकट येऊ घातले होते.

जुना कायदा

१३ मार्च २०२० पासून महाराष्ट्र शासनाने राज्यात साथरोग प्रतिबंधक कायदा लागू केला. हा कायदा ४ फेब्रुवारी १८९७ चा, याच शहरातल्या प्लेगमुळे घाईघाईने केलेला. त्याखालचा आदेश मोडणाऱ्यावर भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ प्रमाणे कारवाई होई. २०२० मध्ये मुंबईच्या पोलीस ठाण्यांत जे असंख्य गुन्हे नोंदले गेले, त्यांचा आधार एकशे तेवीस वर्षांपूर्वीची ही चार-पाच कलमेच होती.

या कायद्याच्या पहिल्या अनुभवाची आठवण दलाने ठेवायला हवी. प्लेगच्या काळात घरोघर झडत्या झाल्या, रोग्यांना उचलून रुग्णालयात नेले गेले, त्यांच्या घरच्यांना छावण्यांत ठेवले गेले. जनरल गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखालच्या प्लेग समितीच्या या कामात पोलिसांना सोबत जावे लागे. लोकांच्या मनात रोगापेक्षा झडतीची भीती मोठी झाली. ९ मार्च १८९८ रोजी मुंबईतल्या विणकरांच्या वस्तीत एका आजारी मुलीला रुग्णालयात नेण्यावरून दंगल पेटली आणि गोळीबारापर्यंत मजल गेली. पुण्यात त्याआधीच, २२ जून १८९७ रोजी, प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. लोकांच्या उंबरठ्याचा मान न राखता साथ आटोक्यात आणता येत नाही, हा त्या वर्षांचा धडा.

२०२० मध्ये कायदा तोच राहिला, पण त्याची अंमलबजावणी बहुतांशी उंबरठ्याबाहेर उभे राहून झाली. कुठे नीट, कुठे चुकत. त्या वर्षातली दलाची खरी कमाई हीच आहे आणि या प्रकरणात तिचाच हिशेब मांडला आहे.

मार्चचे दिवस

२९ फेब्रुवारीला संजय बर्वे निवृत्त झाले आणि परमबीर सिंह यांनी आयुक्तपदाची सूत्रे घेतली. ११ मार्चला मुंबईत पहिले रुग्ण सापडले. १७ मार्चला कस्तुरबा रुग्णालयात शहरातला पहिला मृत्यू झाला. २२ मार्चला जनता कर्फ्यू पाळला गेला आणि त्याच मध्यरात्री उपनगरी लोकल थांबली. रोज ७५ लाखांहून अधिक प्रवाशांची ने-आण करणारी लोकल थांबणे म्हणजे काय, हे मुंबईबाहेरच्या माणसाला सांगून कळणार नाही. २३ तारखेला राज्यभर संचारबंदी आली आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी. तो दिवस गुढीपाडव्याचा होता.

दलाला बंदोबस्ताची सवय आहे. गणपती विसर्जन, सहा डिसेंबरची चैत्यभूमी, मोर्चे, क्रिकेटचे सामने, निवडणुका या सगळ्यांचे आराखडे तयार असतात. कोणत्या चौकात किती माणसे, राखीव तुकडी कुठे, पाणी कुठे, हे जुन्या हवालदाराला तोंडपाठ असते. पण प्रत्येक बंदोबस्ताला एक शेवट असतो. शेवटचा गणपती बुडाला की माणूस घरी जातो. मार्चमध्ये सुरू झालेल्या बंदोबस्ताला शेवटच नव्हता. तो आधी ३१ मार्चपर्यंत होता, मग १४ एप्रिलपर्यंत, मग ३ मेपर्यंत, आणि तारीख पुढे सरकतच राहिली.

नव्वदहून अधिक पोलीस ठाण्यांच्या हद्दीत नाकाबंदी लागली. नाक्यावर उभ्या असलेल्या शिपायाला मिनिटागणिक निर्णय घ्यावा लागे. औषध आणायला निघालेला खरा की बहाणा करणारा? डायलिसिसला चाललेल्या रोग्याबरोबर किती माणसे जाऊ द्यायची? गावी वडील वारल्याचा फोन आलेल्याला काय सांगायचे? आदेशात ‘अत्यावश्यक’ हा शब्द होता. त्याचा अर्थ रस्त्यावर ठरत होता आणि तो ठरवणारा माणूस बहुतेक वेळा दलातल्या सर्वांत खालच्या पायरीवरचा होता. जिल्ह्याबाहेर जाण्यासाठी पुढे ई-पासची सोय झाली. अर्ज ऑनलाइन यायचे आणि परिमंडळाच्या उपायुक्त कार्यालयात तपासले जायचे. सप्टेंबरच्या सुरुवातीला ही अट उठेपर्यंत त्या टेबलांवर शहराची सुखदुःखे अर्जाच्या रूपात येत राहिली : बाळंतपण, मयत, परीक्षा, नोकरी, एकटे पडलेले आईवडील.

नियंत्रण कक्षाचा १०० क्रमांक, महिलांसाठीचा १०३ आणि ज्येष्ठ नागरिकांसाठीचा १०९० यांच्यावर येणाऱ्या विनंत्यांचे स्वरूपही बदलले. घरात एकटे राहणाऱ्या वृद्धांना औषध हवे असे, कुणाला शिधा हवा असे, कुणाच्या शेजारी खोकणारा माणूस असे. दुकाने, कचेऱ्या, कोर्ट, बँका यांचे दरवाजे अर्धे किंवा पूर्ण बंद होते. चोवीस तास दिवा जळत असलेले सरकारी ठिकाण म्हणून लोकांना पोलीस ठाणे आणि रुग्णालय एवढेच ठाऊक होते, म्हणून ज्याचा पोलिसांशी संबंध नाही तेही काम ठाण्याच्या दारात आले. ठाणे अंमलदारांनी ते परत पाठवले नाही, हे त्यांचे श्रेय.

वरळी आणि धारावी

मार्चच्या अखेरीस वरळी कोळीवाडा बंद करण्यात आला. १ एप्रिलला धारावीत पहिला रुग्ण आढळला आणि त्याच दिवशी दगावला. सुमारे अडीच चौरस किलोमीटरमध्ये साडेआठ लाखांच्या आसपास वस्ती, एका खोलीत आठ-दहा माणसे आणि सार्वजनिक शौचालये. ‘घरात थांबा’ हा आदेश अशा ठिकाणी कसा राबवायचा, याचे उत्तर कोणत्याही नियमपुस्तिकेत नव्हते.

धारावीतला लढा मुख्यतः महापालिकेच्या जी उत्तर विभागाचा, डॉक्टरांचा, परिचारिकांचा आणि आरोग्यसेविकांचा. तपासणी, शोध, विलगीकरण आणि उपचार ही कामे त्यांनी केली. पण धारावी आणि शाहूनगर पोलीस ठाण्यांनी त्यांना त्या गल्ल्यांत काम करण्याजोगी जागा करून दिली. प्रतिबंधित क्षेत्राच्या तोंडावर बांबू लावणे, आतल्या माणसाला बाहेर जाण्याची गरज पडू नये म्हणून भाजी आणि शिधा आत पोहोचू देणे, शौचालयांपुढची रांग विरळ ठेवणे, ध्वनिक्षेपकावरून हिंदी, मराठी, तमिळ जी भाषा चालेल तीत सांगत राहणे, विलगीकरणात जायला तयार नसलेल्या कुटुंबाशी बोलणे. या शेवटच्या कामात बीटवरच्या, म्हणजे नेमून दिलेल्या गस्तीच्या टापूतल्या, अंमलदाराची जुनी ओळख कामी आली. कोणत्या गल्लीत कुणाचा शब्द चालतो, मौलवी कोण, मंडळाचा अध्यक्ष कोण, बचतगटाची ताई कोण, हे त्याला वर्षानुवर्षांच्या फिरण्यातून माहीत होते. १० जुलै २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमुख टेड्रोस घेब्रेयेसस यांनी साथ आटोक्यात आणता येते याचे उदाहरण म्हणून धारावीचे नाव घेतले. ते नाव घेतले जाईपर्यंत या दोन ठाण्यांनीही आपली माणसे आजारी पडताना पाहिली होती. शाहूनगर ठाण्यातला एक तरुण सहायक पोलीस निरीक्षक मे महिन्यात गेला.

मजुरांच्या याद्या

१४ एप्रिलच्या सकाळी टाळेबंदी ३ मेपर्यंत वाढल्याचे जाहीर झाले आणि दुपारी वांद्रे स्थानकाच्या पश्चिमेला हजारो परप्रांतीय मजूर जमले. गाड्या सुटणार अशी अफवा होती. काम नाही, पैसे संपत आलेले, खोलीत उभे राहायलाही जागा नाही, आणि गावी जायची वाट बंद. त्या दिवशी लाठी उगारली गेली; स्थानिक वजनदार मंडळींना सोबत घेऊन समजूतही काढली गेली आणि जमाव पांगला. पण वांद्र्याचा खरा निष्कर्ष एवढाच होता, की या माणसांना थांबवून प्रश्न सुटणार नाही, त्यांना घरी पोहोचवावे लागेल.

१ मेपासून श्रमिक विशेष गाड्या सुरू झाल्या आणि पोलीस आयुक्तालयांच्या हद्दीत या कामाची जबाबदारी पोलिसांकडे आली. परिमंडळांचे उपायुक्त समन्वयक झाले. मजुरांनी गट करून जवळच्या पोलीस ठाण्यात अर्ज द्यायचा, त्यात प्रत्येकाचे नाव, वय, मोबाइल क्रमांक, जायचा जिल्हा लिहायचा, अशी पद्धत ठरली. सुरुवातीला डॉक्टरांचा दाखलाही लागे, पुढे ती अट गेली आणि गाडीत बसताना तपासणी होऊ लागली. ज्या राज्यात जायचे त्याची संमती १९ मेपर्यंत आवश्यक होती. संमती आली की गाडी ठरे. गाडी ठरली की यादीतल्या माणसांना फोन, मग ठरलेल्या मैदानावर जमवणे, बेस्टच्या बसने स्थानकावर नेणे, डबा दाखवणे. भाड्याचा प्रश्न राज्य शासनाने मुख्यमंत्री सहायता निधीतून सोडवला.

कागदावर हे सोपे दिसते. प्रत्यक्षात पोलीस ठाण्याच्या आवारात पहाटेपासून रांगा लागत. अनेक अर्जदारांना लिहिता येत नसे. गावाचे नाव सांगता येई, पण जिल्हा कोणता ते ठाऊक नसे. एकाच नावाची दहा माणसे एका यादीत असत. गाडी ठरेपर्यंत कुणाचा मोबाइल बंद पडलेला असे, कुणी कंटाळून नाशिकच्या रस्त्याने पायी निघालेला असे. गुन्ह्याची फिर्याद लिहून घेण्यात हात बसलेल्या अंमलदारांनी महिनाभर फक्त नावे लिहिली. उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड, पश्चिम बंगाल, ओडिशा, राजस्थान इथले तालुके त्यांना पाठ झाले. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, लोकमान्य टिळक टर्मिनस, वांद्रे टर्मिनस, बोरिवली इथून लाखो माणसे गेली.

गाडी सुटताना डब्यांतून टाळ्या वाजल्याचे, ‘मुंबई पोलीस’ असा घोष झाल्याचे त्या वेळी अनेकांनी पाहिले आणि चित्रित केले. वांद्र्यात लाठीसमोर उभा राहिलेला आणि डब्याच्या खिडकीतून हात हलवणारा माणूस एकाच वर्गातला होता. मधल्या तीन-चार आठवड्यांत बदलले ते दलाचे काम : अडवण्याऐवजी पोहोचवणे. या स्मरणिकेत त्या वर्षाची एकच गोष्ट ठेवायची झाली, तर मजुरांच्या याद्यांची ठेवावी.

दलाने मोजलेली किंमत

२५ एप्रिलला वाकोला पोलीस ठाण्यातले ५७ वर्षांचे हवालदार कोरोनाने गेले. मुंबई पोलीस दलातला हा पहिला मृत्यू. पुढच्या दोन दिवसांत आणखी दोघे गेले. तिघेही पन्नाशी ओलांडलेले. त्यानंतर लगेच ५५ वर्षांवरच्या सर्वांना घरी थांबण्यास सांगण्यात आले, तसेच मधुमेह, रक्तदाब यांसारखे विकार असलेल्या ५२ वर्षांवरच्यांनाही. हा निर्णय योग्य होता, पण त्याचा अर्थ असाही होता की ठाण्यातली सर्वांत अनुभवी माणसे मागे राहिली आणि नाक्यावरचा भार तरुणांवर आला.

मे महिन्यात जे. जे. मार्ग पोलीस ठाण्यात दोन डझनांहून अधिक जण बाधित झाले. एकाच ठाण्यातली इतकी माणसे एकदम आजारी पडली की हजेरीपासून गस्तीपर्यंत सगळ्याची घडी विस्कटते. अशा वेळी शेजारच्या ठाण्यांनी आणि राज्य राखीव दलाने हात दिला. केंद्रीय सशस्त्र दलाच्या तुकड्याही आल्या. बारा तास काम आणि चोवीस तास विश्रांती अशी पाळी लावण्यात आली, म्हणजे एका वेळी कमी माणसे एकमेकांच्या संपर्कात येतील आणि शरीराला उसंतही मिळेल. कलिन्याच्या कोळे कल्याण भागात पोलिसांसाठी स्वतंत्र कोविड केंद्र उभे राहिले, नागपाड्याच्या पोलीस रुग्णालयावर ताण वाढला. मृतांच्या कुटुंबांना ५० लाख रुपयांचे सानुग्रह साहाय्य आणि वारसाला नोकरी देण्याचे शासनाने जाहीर केले.

शासकीय नोंदींत येत नाही अशी किंमत मात्र घरच्यांनी मोजली. वरळी आणि नायगावच्या बीडीडी चाळींत तेव्हा अनेक पोलीस कुटुंबे राहत होती. तिथली खोली १६० चौरस फुटांची. त्यात म्हातारे आईवडील, दोन मुले आणि बाहेरून आलेला बाप. विलगीकरण करायचे कुठे? कुणी गॅलरीत झोपले, कुणी गाडीत, कुणी बायकामुलांना गावी पाठवून महिनोन्‌महिने एकटे राहिले. कल्याण, बदलापूर, विरार, पनवेल इथून येणाऱ्यांची लोकल १५ जूनला अत्यावश्यक सेवेसाठी सुरू होईपर्यंत बस किंवा दुचाकी एवढाच आधार होता. मेच्या सुरुवातीला कल्याण-डोंबिवली महापालिकेने मुंबईत कामाला जाणाऱ्यांनी मुंबईतच राहावे असा आदेश काढला, तो मागे घेतला गेला. पण शहर वाचवायला निघालेल्या माणसाला स्वतःच्या वस्तीत संशयाने पाहिले जात होते, हे त्या दिवसांचे वास्तव. अनेक महिला अंमलदार तान्ही मुले आजीपाशी ठेवून कामावर आल्या आणि घरी गेल्यावर आधी आंघोळ, मग मूल, हा नियम त्यांनी पाळला.

वर्ष संपेपर्यंत राज्यात बाधित पोलिसांची संख्या २५ हजारांच्या पुढे गेली होती आणि सुमारे तीनशे जणांचा मृत्यू झाला होता. त्यांत सर्वाधिक मुंबईचे होते, आणि मुंबईच्या त्या यादीत सर्वाधिक हवालदार, पोलीस नाईक, शिपाई आणि सहायक फौजदार होते.

सण, वादळ आणि चुका

पावसाळ्याआधीच ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आदळले. मुंबई थोडक्यात वाचली, पण किनाऱ्यावर जमावबंदी, वस्त्यांमधून स्थलांतर आणि पडलेली झाडे ही सारी कामे मुखपट्टी बांधून झाली. त्याच आठवड्यात ‘मिशन बिगिन अगेन’खाली निर्बंध टप्प्याटप्प्याने उठू लागले.

जूनच्या अखेरीस घरापासून दोन किलोमीटरपलीकडे विनाकारण जाऊ नये, असे आवाहन दलाने केले आणि हजारो वाहने जप्त केली. कामावर निघालेल्यांची त्यात ओढाताण झाली, संभ्रम माजला आणि काही दिवसांतच भूमिका सौम्य करावी लागली. आदेश काढण्याआधी तो रस्त्यावर कसा वाचला जाईल याचा विचार झाला नाही, तर नाक्यावरचा शिपाई आणि नागरिक दोघेही अडचणीत येतात.

त्याहून गंभीर गोष्ट लाठीची. पहिल्या आठवड्यांत काही ठिकाणी घराबाहेर पडलेल्यांना मारहाण झाली, उठाबशा काढायला लावल्या गेल्या. तक्रारी झाल्या, चित्रफिती पसरल्या. दुसरीकडे पोलिसांवर हल्लेही झाले आणि राज्यभर त्याबद्दल शेकडो जणांना अटक झाली. पण हल्ले झाले म्हणून उठाबशा योग्य ठरत नाहीत. भुकेने बाहेर पडलेला आणि मौजेने बाहेर पडलेला यांच्यातला फरक पहिल्या दिवसांत अनेकदा नजरेआड झाला. दलाचा इतिहास लिहिताना हेही लिहिले पाहिजे, कारण एप्रिल-मेमधले चांगले काम याच चुका सुधारत झाले.

सणांच्या बाबतीत मात्र शहराने आणि दलाने एकमेकांना सांभाळून घेतले. रमजान ईदची नमाज घरी झाली. दहीहंडीचे थर लागले नाहीत. २२ ऑगस्टला आलेल्या गणेशोत्सवात सार्वजनिक मूर्ती चार फुटांपर्यंत आणि घरगुती दोन फुटांपर्यंत ठेवायची होती. लालबागच्या राजाच्या मंडळाने मूर्तीऐवजी रक्तदान आणि प्लाझ्मादानाचा ‘आरोग्योत्सव’ केला. सहा डिसेंबरला बाबासाहेबांना घरूनच अभिवादन करण्याचे आवाहन अनुयायांनी मानले. दरवर्षी याच दिवसांत लाखोंच्या गर्दीशी झुंजणाऱ्या दलाला त्या वर्षी मोकळे रस्ते मिळाले, ते लोकांच्या समजूतदारपणामुळे. २२ डिसेंबरपासून पुन्हा रात्रीची संचारबंदी आली आणि वर्षाचा शेवटही नाकाबंदीवरच झाला.

पुढच्यांसाठी

या वर्षातून तीन गोष्टी दलाच्या कायमच्या व्यवहारात याव्यात.

पहिली, बीट. साथीत जे ठाणे यशस्वी ठरले, त्याचा अंमलदार आपल्या हद्दीतल्या माणसांना नावाने ओळखत होता. ड्रोन आणि कॅमेरे उपयोगी पडले, पण विलगीकरणाला नकार देणाऱ्या आजीचे मन ड्रोनने वळत नाही. बीटवर माणूस टिकवणे, त्याची सतत बदली न करणे, हे आपत्तीच्या तयारीचेच काम आहे.

दुसरी, पोलिसाचे आरोग्य आणि घर. १६० चौरस फुटांच्या खोलीत राहणारा, वेळी-अवेळी जेवणारा, चाळिशीतच रक्तदाबाच्या गोळ्या घेणारा माणूस साथीच्या पहिल्या रांगेत उभा केला तर काय होते, हे त्या वर्षाने दाखवले. नियमित तपासणी, नीट निवास आणि माणसाला झेपेल अशी पाळी या सोयींवर झालेला खर्च बंदोबस्ताच्या खर्चातच धरला पाहिजे.

तिसरी, नोंद. प्लेगच्या काळातले आयुक्त व्हिन्सेंट आणि जनरल गॅटेकर यांची नावे ग्रंथांत सापडतात. त्यांच्यासोबत घरोघर फिरलेल्या शिपायांची सापडत नाहीत. २०२० बाबत तसे होता कामा नये. २१ ऑक्टोबरच्या पोलीस स्मृतिदिनी नायगावला मानवंदना दिली जाते. तिथे वर्षातून एकदा नाव घेतले जाणे आवश्यकच आहे, पण तेवढे पुरेसे नाही. प्रत्येक पोलीस ठाण्याने आपल्या हद्दीत त्या वर्षी काय झाले, किती याद्या झाल्या, कुणाला कसे पोहोचवले, कुणी प्राण दिले आणि काय चुकले, हे आजच लिहून ठेवावे. त्या वेळी नाक्यावर असलेले तरुण उद्या निरीक्षक होतील, अनेकजण निवृत्त होऊन गावी जातील. पुढची साथ कधी येईल ठाऊक नाही, पण ती आली तर नव्या शिपायाला पहिल्या दिवशी लाठीऐवजी वही हातात घ्यायची बुद्धी व्हावी, यासाठी हा इतिहास लिहायचा आहे.